कमी बजेटमध्ये शॉर्टफिल्मचा कॅमेरा: अवघड सीन आधी, दुकान नंतर

"दादा, साठ हजार जमल्यात. कुठला कॅमेरा घेऊ?"

शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांच्यात बसलं की हा प्रश्न हमखास येतो. मग कॅननवाले विरुद्ध सोनीवाले अशी कुस्ती लागते आणि ज्यानं विचारलं तो आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी स्क्रिप्ट दाखव. त्यातला सगळ्यांत अवघड सीन कुठला ते सांग. कॅमेरा त्यावरून ठरेल.

चित्रकार आनंदराव पेंटर यांनी सुरू केलेलं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम त्यांच्या निधनानंतर बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास पुरं केलं. ते आपल्या याच कोल्हापुरात. खरी कॉर्नरजवळचा कॅमेरा स्तंभ त्याचीच आठवण. त्यांना हवा तसा कॅमेरा हाती नव्हता म्हणून घडवावा लागला. आपली अडचण नेमकी उलटी आहे: बाजारात इतके कॅमेरे आहेत, की निवडतानाच सहा महिने जातात आणि फिल्म राहून जाते.

१. स्क्रिप्ट घेऊन बसा आणि सीनवर खुणा करा

प्रत्येक सीनसमोर तीन गोष्टी लिहा. उजेड किती आणि कशाचा, कॅमेरा किंवा पात्र किती हलतं, आणि संवाद आहे का. संध्याकाळचा एक तास या कामाला दिला, तर पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

समजा, तुमची गोष्ट करवीर किंवा कागल भागातल्या गुऱ्हाळावर घडते. हिवाळ्याची रात्र आहे. चुलवाणात चिपाडं पेटलीत, काहिलीतून वाफ उसळतेय, वर एकच पिवळा बल्ब आहे आणि गुळव्या वाफेतून वाकून रस ढवळतोय. डोळ्याला हे दृश्य नाद खुळा दिसतं. कॅमेऱ्याला मात्र ते जड जातं. जाळ पांढराफटक होतो आणि त्याच्या शेजारचा चेहरा काळा पडतो. चेहरा दिसावा म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवला, की छपराखालच्या अंधारात दाणे नाचायला लागतात. वाफेमुळे कॉन्ट्रास्ट कमी होतो आणि ऑटोफोकस पुढेमागे भरकटतो. बाहेरच्या गार हवेतून कॅमेरा थेट काहिलीजवळ नेला तर लेन्सवर दव धरतं. त्यात घाण्याचं इंजिन चालू असेल तर तिथले संवाद ऐकू येतील, ही आशाच सोडा.

आता या सीनला काय लागेल ते बघा. मोठ्या अॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या मोठ्या भोकाची) लेन्स, कमी उजेडात बरा चालणारा सेन्सर, हातानं फोकस करताना कडा रंगवून दाखवणारी फोकस पीकिंगची सोय आणि आवाज वेगळा रेकॉर्ड करायची तयारी. सेकंदाला १२० फ्रेम्स किंवा चाळीस मेगापिक्सेल यांचा इथं काडीचा उपयोग नाही. (दव टाळायचं तर कॅमेरा बंद बॅगेतच गुऱ्हाळात न्यायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा आणि मगच बाहेर काढायचा. फुकटचा उपाय आहे.)

दुसरी गोष्ट कुस्तीच्या तालमीतली असेल तर हिशेब बदलतो. झटापट जलद असते. स्वस्त सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे कॅमेरा झटक्यात फिरवला की खांब आणि दारं तिरकी होतात. याला रोलिंग शटर म्हणतात आणि हा दोष एडिटिंगमध्ये धड निघत नाही. शिवाय हौद्यातली तांबडी माती बारीक असते, त्यामुळे तिथं लेन्स बदलणं टाळायला हवं. म्हणजे या गोष्टीला एकच बरी झूम लेन्स जास्त कामाची. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोघं बोलत बसलेत, एवढीच गोष्ट असेल, तर जवळजवळ कुठलाही कॅमेरा चालेल. पैसे लेन्स, माइक आणि दोन दिव्यांत घाला.

२. विकत घ्यायची गरज आहे का, ते तपासा

पहिलीच फिल्म असेल तर फोनवर करा, असं मी स्पष्ट सांगतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप आयफोन आणि काही अँड्रॉइड फोनसाठी फुकट मिळतं. त्यात शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते), आयएसओ, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकस लॉक करता येतात. फोनचं चित्र 'फोनसारखं' दिसायचं मोठं कारण, शॉट चालू असताना उजेड आणि रंग आपोआप बदलत राहतात. ते लॉक केलं, मुख्य लेन्सच वापरली आणि फोन स्टँडवर घट्ट बसवला, तर दिवसाच्या सीनमध्ये फरक ओळखायला नजर लागते. फोन अडतो तो रात्री आणि जिथं लांबच्या लेन्सनं एक चेहरा गर्दीतून वेगळा काढायचा असतो तिथं.

दुसरा मार्ग भाड्याचा. आपल्याकडं लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं शूटिंग करणारे भरपूर आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण कॅमेरे, लेन्स, गिंबल (हादरे शोषणारा दांडा) भाड्यानं देतात. मात्र मुहूर्त बघा, तुमच्या शूटिंगचा नव्हे, लग्नांचा! तुळशीची लग्नं लागली की पुढं लग्नतिथी असेल त्या दिवशी चांगली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) भाड्यानं मिळणं कठीण. चातुर्मासात तीच बॉडी पडून असते आणि घासाघीसही चालते. वर्षाकाठी एकच फिल्म आणि तीन-चार दिवसांचं शूटिंग असेल, तर भाड्याचंच गणित बसतं. भाड्यानं घेताना सामानाची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि ताब्यात घेतानाच लेन्सचा, स्क्रीनचा, माउंटचा (लेन्स बसायच्या जागेचा) फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. ओरखडा आधीचा का नंतरचा, यावरून चांगल्या ओळखी तुटल्यात.

कॅमेरा विकत घ्या तो हात बसवायचा असेल तेव्हा. दर रविवारी रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर जाऊन काहीतरी टिपत राहायचं असेल, तर स्वतःचा कॅमेरा हवाच. भाड्याच्या कॅमेऱ्यावर माणूस प्रयोग करायला घाबरतो.

३. पैशाची वाटणी

साठ हजार हातात आहेत म्हणजे साठ हजारांचा कॅमेरा घ्यायचा, ही समजूत सोडा. बॉडीला एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त देऊ नका.

मी साठ हजारांची वाटणी अशी करीन: जुनी पण धड बॉडी अठ्ठावीस-तीस हजार, एक मोठ्या अॅपर्चरची लेन्स आठ हजार, आवाजाला आठ हजार, स्टँडला पाच, दोन जादा बॅटऱ्या आणि दोन कार्डांना पाच, एनडी फिल्टरला (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) दोन. उरले दोन-चार हजार, ते युनिटच्या चहा-मिसळीला. त्याला नावं ठेवू नका, उपाशी कलाकार दुसऱ्या टेकला पडतो.

आवाजाचा भाग इथंच उरकतो. कॅमेऱ्यातल्या माइकवर संवाद घेऊ नका. शांत खोलीत बोया कंपनीचा साधा वायरवाला कॉलर माइक फोनला लावून तो फोन पात्राच्या खिशात टाकला तरी कॅमेऱ्यापेक्षा किती तरी बरा आवाज येतो. त्याच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असं बटण असतं, ते योग्य बाजूला आहे ना ते बघा. पुढची पायरी म्हणजे झूम कंपनीच्या रेकॉर्डरसारखा छोटा रेकॉर्डर आणि काठीवर गन माइक. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला चित्र-आवाज जुळवताना रात्र जात नाही.

४. माहितीपत्रकात काय वाचायचं

जाहिरातीत ठळक असतं ते बाजूला ठेवा. मी पुढच्या गोष्टी याच क्रमानं बघतो.

माइकचं छिद्र. ते नसेल तर पुढं वाचू नका. हेडफोनचं छिद्र असेल तर उत्तम, पण कमी किमतीत ते क्वचित मिळतं.

व्हिडिओमध्ये पूर्ण मॅन्युअल. शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स चारही हातानं ठरवता आले पाहिजेत.

सेकंदाला २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंदाचं शटर. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५० शटरमध्ये प्रत्येक फ्रेमवर बरोबर दोन लुकलुक येतात आणि उजेड स्थिर दिसतो. १/६० ठेवलं की हा हिशेब बिघडतो आणि पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागतात. म्हणून मेनूत जाऊन पाल (५० हर्ट्झच्या देशांची) पद्धत निवडायची. परदेशातून आलेल्या काही पॅनासॉनिक बॉड्यांत २५ फ्रेम्सचा पर्यायच नसतो. जुना माल घेताना मेनू उघडून खात्री करा. नसलाच तर २४ फ्रेम्स आणि १/५० शटर यावर काम भागतं.

४के मधला क्रॉप. इथं सगळ्यांत जास्त लोक फसतात. खोक्यावर ४के लिहिलेलं असतं, पण कित्येक स्वस्त कॅमेरे ४के करताना सेन्सरचा मधला तुकडाच वापरतात. कॅनन २००डी मार्क २ चं उदाहरण घ्या. त्याचा सेन्सर आधीच १.६ पट क्रॉपचा (फुलफ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा तेवढा लहान), ४के मध्ये आणखी सुमारे १.६ पट कापलं जातं. म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचं १८ मिमी हे फुलफ्रेमच्या हिशेबानं ४६ मिमीच्या आसपास जातं. जुन्या घरातल्या खोलीत मग भिंतीत शिरूनच वाइड शॉट घ्यावा लागेल. वर ४के मध्ये त्याचा चांगला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकसही बंद होतो. त्या कॅमेऱ्यावर फुल एचडीच करावं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. यूट्यूबवर किंवा छोट्या हॉलमध्ये दाखवायच्या फिल्मला स्वच्छ फुल एचडी पुरतं.

वळणारा स्क्रीन, रेकॉर्डिंगची वेळमर्यादा आणि उन्हात गरम होऊन बंद पडणं, एवढं नजरेखालून घाला. बॉडीतलं स्थिरीकरण असेल तर हातात धरून केलेले शॉट सुसह्य होतात. ८-बिट (रंगांच्या कमी छटा) आणि १०-बिटचा (जास्त छटा) मुद्दा रंगांशी खेळणार असाल तेव्हाच महत्त्वाचा. ८-बिटमध्ये लॉग (मुद्दाम फिकट चित्र घेऊन रंग नंतर भरायची पद्धत) शूट करून नंतर रंग फार ताणले, तर आभाळात पट्टे पडतात. नवख्यानं ८-बिट कॅमेऱ्यावर लॉगच्या नादाला लागू नये, साधी प्रोफाइल घ्यावी, तिचा कॉन्ट्रास्ट थोडा कमी करावा आणि एक्सपोजर नीट साधावं.

५. कुठले कॅमेरे बघायचे

भाव आठवड्यागणिक हलतात, म्हणून ते देत नाही. स्वभाव सांगतो.

सोनी झेडव्ही-ई१० हा २०२१ चा. माइक आणि हेडफोन दोन्ही छिद्रं, चेहऱ्यावर पक्का बसणारा ऑटोफोकस, २५ फ्रेम्सला ४के मध्ये क्रॉप नाही (३० फ्रेम्सला मात्र १.२३ पट आहे). लेन्स नव्या-जुन्या भरपूर मिळतात. उणी बाजू: बॉडीत स्थिरीकरण नाही, बॅटरी छोटी, रोलिंग शटर जास्त. तालमीच्या गोष्टीला मी हा घेणार नाही. संवादाच्या गोष्टीला डोळे झाकून घेईन. त्याची २०२४ ची दुसरी आवृत्ती १०-बिट आणि मोठ्या बॅटरीची आहे, पण ती आपल्या बजेटच्या बाहेर जाते.

कॅनन आर५० हा २०२३ चा. पूर्ण रुंदीचं सुरेख ४के आणि कातडीचे रंग फारसे न छेडता बरे. हेडफोनचं छिद्र नाही. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स अॅडॉप्टर लावून बसतात, त्यामुळे एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफर मित्राकडं कॅननच्या लेन्स असतील तर हा कॅमेरा दुप्पट किमतीचा होतो. मित्राकडं कुठल्या माउंटच्या लेन्स आहेत, हा मुद्दा कुठल्याही परीक्षणात नसतो. पण कोल्हापुरासारख्या गावात तो निर्णायक असतो. आर१०० स्वस्त दिसतो म्हणून तिकडं वळू नका. त्याचा स्क्रीन वळत नाही, टच नाही, आणि ४के मध्ये मोठा क्रॉप आहे.

निकॉन झेड३० हा २०२२ चा, लोक त्याला उगाच विसरतात. ४के क्रॉपशिवाय, बॉडी हातात छान बसते. लेन्सची निवड सोनीइतकी नाही आणि हेडफोन यालाही नाही.

जुन्यात माझा आवडता पॅनासॉनिक जी८५. २०१६ चा आहे, पण पाच अक्षांचं स्थिरीकरण असं, की चालत्या माणसामागं हळू चालत गेलं तरी शॉट वापरता येतो. सेन्सर छोटा, म्हणून अंधारात दमतो. ऑटोफोकस व्हिडिओत भरवशाचा नाही, म्हणून फोकस हातानंच करायचा. तो शिकायलाच हवा. गुऱ्हाळाच्या रात्रीला हा नको. दिवसा, पन्हाळ्याच्या वाटेवर माणसामागं फिरायचं असेल तर पैसे वसूल. त्याच माउंटचा जीएच५ (२०१७) बऱ्या भावात मिळाला तर १०-बिटही पदरात पडतं.

ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के (२०१८) जुना स्वस्तात मिळाला की पोरं हरखतात. चित्र खरंच सिनेमाचं येतं. पण चालता ऑटोफोकस नाही, बॉडीत स्थिरीकरण नाही, एक बॅटरी जेमतेम तासभर पुरते, आणि फाइली एवढ्या मोठ्या, की बाहेरची एसएसडी लागतेच. रिग (कॅमेऱ्याभोवतीचा सांगाडा), बॅटऱ्या, एसएसडी धरून हिशेब करा. स्वस्त घोड्याला महाग खोगीर लागतं.

६. लेन्स: इथं हात सैल सोडा

किट लेन्स झूम केली की अॅपर्चर साधारण एफ/५.६ वर येऊन थांबतं. एफ/१.८ ची लेन्स त्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. ज्या खोलीत किट लेन्सला आयएसओ ६४०० लागला, तिथं हिला ६४०-८०० पुरतो. बॉडी बदलून एवढा फरक कमी पैशात मिळणार नाही.

सगळे डोळे झाकून ५० मिमी एफ/१.८ घेतात, कारण ती स्वस्त आहे. आधी खोली मोजा. कॅननच्या क्रॉप सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. ५० मिमी लेन्सनं दहा फुटांवरून घेतलेल्या फ्रेममध्ये जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. दहा फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही दोन माणसं शेजारी बसवणं जिकिरीचं. २४ मिमीत तीच रुंदी सव्वानऊ फूट होते. त्यामुळे घरातल्या गोष्टीसाठी पहिली लेन्स २४ ते ३० मिमीच्या आसपासची घ्या. ५० मिमी क्लोजअपसाठी, दुसरी. बजेट फारच ओढाताणीचं असेल तर जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मॅन्युअल लेन्स स्वस्त अॅडॉप्टरवर छान चालतात. एम४२ माउंटच्या रशियन हेलिओससारख्या लेन्स उघड्या अॅपर्चरला थोड्या मऊ दिसतात, पण चेहऱ्याला ते उलट शोभतं.

एनडी फिल्टर का, ते आकड्यात बघा. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवलं तर एफ/२२ च्या आसपास अॅपर्चर लागतं. तुम्हाला मागचं धूसर हवंय म्हणून एफ/४ पाहिजे. मधे पाच स्टॉप आहेत (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे उजेड बत्तीस पट कमी करायचा. तेवढ्यासाठी एनडी ३२. लॉगमध्ये काही कॅमेरे आयएसओ ५०० किंवा ८०० च्या खाली जातच नाहीत, तिथं आणखी दोन-तीन स्टॉप वाढवा. फिल्टर न घेता शटर १/१००० केलं, की चालणारा माणूस झटके देत चालल्यासारखा दिसतो. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण अगदी स्वस्तातला शेवटपर्यंत फिरवला तर फ्रेमवर काळी फुली उमटते. पैसे देण्याआधी लावून बघा.

७. जुना कॅमेरा तपासताना

लग्नसराई संपली की फोटोग्राफर नवीन बॉड्या घेतात आणि जुन्या विकायला काढतात. हीच घ्यायची वेळ. मालक आग्रहानं शटर काउंट दाखवेल. फोटोसाठी तो महत्त्वाचा, पण व्हिडिओत यांत्रिक शटर प्रत्येक फ्रेमला पडत नाही. व्हिडिओवाल्यानं दुसरीकडं बघायचं.

स्वतःचं कार्ड, स्वतःचे हेडफोन, माइक आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. दिवसा जा.

पहिल्यांदा लेन्स. ती कॅमेऱ्यावरून उतरवा, अॅपर्चर उघडं ठेवा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तरी बिघडत नाही. कोळिष्टकासारखे बारीक तंतू किंवा पांढरट डाग दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला ती धरतेच. "साफ करून देतो" म्हणाला तरी घेऊ नका. बुरशीनं काचेवरचा लेप खाल्लेला असला तर साफ करूनही डाग राहतो.

मग सेन्सर. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो घ्या आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे बहुधा धूळ, ती निघते. नंतर लेन्सवर झाकण लावून आयएसओ १६०० वर मिनिटभर व्हिडिओ घ्या. त्यात लाल, निळे, पांढरे ठिपके एकाच जागी स्थिर दिसले, तर ते खराब पिक्सेल.

आपल्या भागात यात एक खास भर आहे. मालकाला सहज विचारा, "गणपतीच्या मिरवणुका शूट केल्यात का?" डॉल्बीवरच्या लेसर लाइटचा किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळतो. फ्रेमवर एक सरळ रंगीत रेघ किंवा न जाणारा ठिपका राहतो. अंधाऱ्या आणि उजळ अशा दोन्ही चित्रांत शोधा, कारण कधी एकातच दिसतो. दिसला की नमस्कार करून निघा. सेन्सर बदलायचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

माइक लावून रेकॉर्डिंग चालू करा आणि पिन हलक्या हातानं हलवा. खरखर आली तर छिद्र ढिलं झालंय. लग्नात दिवसभर वायर ओढली जाते, तिथं हेच आधी जातं. एचडीएमआयची जोडणी टीव्हीला लावून बघा. स्क्रीन उघडझाप करून वळवा, मधेच काळा होतो का बघा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. डगमगली तर फुगलीय. आणि शेवटी, चहा घेता घेता, सगळ्यांत वरच्या दर्जावर वीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग लावून ठेवा. तापून बंद पडणारा कॅमेरा याच वेळात सापडतो.

कागद: मूळ बिल आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळला पाहिजे. बिल नसेल तर भाव कितीही पाडला तरी नको, चोरीचा माल निघाला तर ठाण्याच्या पायऱ्या तुम्ही चढणार. विकणाऱ्याकडून मॉडेल, नंबर, रक्कम आणि तारीख लिहून सही घ्या आणि पैसे खात्यावर पाठवा.

८. घरचा कॉम्प्युटर झेपवेल का?

खरेदीआधी याच मॉडेलची एक मूळ फाइल कुणाकडून तरी मागून घ्या आणि तुमच्या लॅपटॉपवर टाका. १०० एमबीपीएसचं ४के तासाला ४५ जीबी जागा खातं. एकाच फिल्मचं कच्चं फुटेज आणि त्याची दुसरी प्रत धरली तर हार्डडिस्कचा खर्च दिसायला लागतो. एवढ्या दराला व्ही३० लिहिलेलं अस्सल कार्ड पुरतं, त्याहून महागाचं घेऊ नका. आणि एका १२८ जीबीऐवजी दोन ६४ चे घ्या, एक बिघडलं तर निम्मा दिवस तरी वाचतो. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत फाइल काढून देते, आपल्याला तेवढी पुष्कळ झाली. फुटेज अडखळत असेल तर आधी हलक्या प्रॉक्सी फाइली (त्याच फुटेजच्या कमी दर्जाच्या प्रती) करून त्यावर एडिट करा, लॅपटॉप बदलायला धावू नका.

९. घेतल्यावरचा पहिला आठवडा

नवा घेतला असेल तर बदलून मिळायची मुदत बिलावर बघा आणि त्या मुदतीतच खरी परीक्षा घ्या. संध्याकाळी रंकाळ्यावर जा. सूर्य कलल्यापासून दिवे लागेपर्यंतच्या तासात दर दहा मिनिटांनी एकाच मित्राचा चेहरा एकाच फ्रेममध्ये, वेगवेगळ्या आयएसओवर घ्या. घरी मोठ्या टीव्हीवर लावा आणि कुठल्या आकड्यानंतर दाणे खपवून घेता येत नाहीत, तो आकडा कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत चिकटवा. मग स्क्रिप्टमधला तो अवघड सीन, कलाकारांशिवाय, त्याच जागी, त्याच वेळेला शूट करून बघा. नाही जमला तर अजून कॅमेरा बदलायची किंवा सीन दुपारी हलवायची संधी आहे.

मृग निघायच्या आत साठवणुकीची सोय करा. किराणा दुकानात मिळतो तसला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळ्या दाण्यांचं सिलिका जेल गुलाबी पडलं, की मंद आचेवर तव्यात परतून निळं करायचं आणि गार झाल्यावर परत डब्यात टाकायचं. कापडी बॅग या डब्यात ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. आणि पाऊस असो नसो, आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवा.